कडधान्याचे पातेले : एक घरगुती इतिहास

इतिहास म्हटला की राजे, तह, लढाया आणि सनावळी यांचेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. मंडळाचा इतिहास म्हटला की अध्यक्षांची नामावली, गणेशोत्सवातील नाटके, इमारत निधी आणि वार्षिक सभांचे वृत्तांत आठवतात. हे सारे या स्मरणिकेत अन्यत्र येईलच, आणि ते यावयासही हवे. आमचा विषय मात्र त्याहून साधा आहे. मंडळाच्या सभासदांच्या घरी गेली पन्नास वर्षे आधी स्टोव्हवर व पुढे गॅसवर जे कडधान्याचे पातेले चढत आले, त्याची पूर्वपीठिका येथे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माणसाला आपले कोणते आणि परके कोणते, हा प्रश्न पदोपदी पडतो. त्याचे एक उत्तर या पातेल्यात सापडते, असे आम्हांस वाटते.

कडधान्याची आणि आपली ओळख फार जुनी आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक वर्षे उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत गहू व सातू यांच्याबरोबरच कुळीथ, मसूर आणि वाल यांचे जळून कोळसा झालेले दाणे मिळाले. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत यजमान ज्या धान्यांची मागणी करतो, त्यांत माष, मुद्ग आणि मसूर, म्हणजे आपले उडीद, मूग व मसूर, आहेत. पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात कडधान्ये शिजविण्याच्या रीती दिल्या असून हिंगाचा उपयोगही सांगितला आहे. राजाच्या मुदपाकखान्यातही कडधान्याला मान होता, हे यावरून दिसते.

आपल्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याचा ग्रंथ म्हणजे सतराव्या शतकातील ‘भोजनकुतूहल’. त्याचा कर्ता रघुनाथ गणेश नवहस्त हा महाराष्ट्रीय पंडित. तंजावरला व्यंकोजीराजे यांची राणी दीपाबाई हिचा आश्रय त्याला लाभला होता. धान्यांचे, कडधान्यांचे व पक्वान्नांचे गुणदोष त्याने संस्कृतात नोंदवून ठेविले. घरापासून शेकडो कोस दूर गेलेल्या मराठी माणसाला ताटातील पदार्थांचा विचार करावासा वाटला, ही गोष्ट आपल्यासारख्यांना सहज समजण्याजोगी आहे.

आता पातेल्यात डोकावून पाहू. त्यात आपण ज्यांना अस्सल मराठी समजतो, त्यांपैकी कितीतरी जिन्नस बाहेरून आलेले आहेत. मिरची ही मूळची अमेरिकेची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली. तोवर आपला तिखटपणा मिरे, आले आणि पिंपळी यांवर अवलंबून होता. पाहुणीला आपण नावही जुन्या मरीचाचेच दिले. चवळी मूळची आफ्रिकेची, मात्र ती इतक्या प्राचीन काळी आली की तिचे परकेपण कोणाच्याच स्मरणात उरले नाही. राजमा हा मिरचीचाच देशबंधू. हिंग तर अफगाणिस्तान व इराण या देशांतून शतकानुशतके येत राहिला. फोडणीत तो नाही असे मराठी घर विरळा, पण हिंगाची पद्धतशीर लागवड आपल्या देशात प्रथम झाली ती ऑक्टोबर २०२० मध्ये, हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात. मूग, उडीद, कुळीथ आणि मटकी ही मात्र याच भूमीची लेकरे. आमसूलही आपल्या सह्याद्रीचेच.

मग या पातेल्यात मराठी ते काय? आमच्या मते, त्यातला क्रम. कडधान्य निवडावे, रात्रभर भिजत घालावे, सकाळी उपसून फडक्यात बांधावे, मोड येऊ द्यावेत. तेलात मोहरी तडतडली की हिंग, हळद, कढीपत्ता घालावा आणि मोड आलेली मटकी टाकून परतावी. पातेल्यावर झाकण ठेवून त्यात पाणी ओतावे, आणि लागेल तसे तेच गरम पाणी आत सोडावे. दाणा बोटाने दाबला जाऊ लागला की मग मीठ, गोडा मसाला, आमसूल, गूळ, आणि शेवटी ओले खोबरे व कोथिंबीर. वालाचे बिरडे असेल तर भिजणे व मोड येणे यांतच दीड-दोन दिवस जातात. नंतर कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलावा लागतो, तेव्हा कोठे डाळिंब्या हाती येतात. कोकणपट्टीतील कित्येक घरांत श्रावणी सोमवारच्या रात्रीचे जेवण या बिरड्यावाचून पुरे होत नसे.

या क्रमात शास्त्र आहे. कडधान्यात काही विशिष्ट शर्करा असतात. त्या लहान आतड्यात पचत नाहीत आणि पुढे मोठ्या आतड्यात त्यांचा वायू होतो. भिजवून पाणी फेकल्याने त्या थोड्या कमी होतात, आणि मोड येताना दाणा त्या स्वतःच वापरतो. आंबट पदार्थ आधी घातला तर दाण्याचा कठीणपणा लवकर सुटत नाही. म्हणून आमसूल शेवटी. राजम्याच्या बाबतीत तर भिजवणे व खळखळून उकळणे ही सोय नव्हे, आवश्यकता आहे. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असते. भिजवलेले पाणी टाकून द्यावे व निदान दहा मिनिटे चांगली उकळी द्यावी, तेव्हा ते निष्प्रभ होते. मंद आचेवर कोमट ठेवून भागत नाही. आमच्या आज्या-पणज्यांनी यांतील रसायनशास्त्र कोठे वाचले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून त्यांनी ते हाताला शिकवले होते.

हे हाताचे ज्ञान कागदावर येण्यास बराच काळ लागला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली प्रसिद्ध झाले. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ आले, आणि १९७० साली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’. वाटी व चमचा यांचे प्रमाण देणारे हे शेवटचे पुस्तक बदलीच्या गावी संसार मांडणाऱ्या असंख्य नववधूंच्या सामानात होते. सासू जवळ नाही, माहेर दोन दिवसांच्या प्रवासावर, अशा वेळी त्या पुस्तकानेच वडीलकी केली.

केंद्र सरकारच्या नोकरीत आमचीही अर्धीअधिक हयात महाराष्ट्राबाहेर गेली. प्रत्येक बदलीबरोबर पाणी बदलते, आणि पाण्याबरोबर डाळीचे शिजणे बदलते. उत्तरेकडील कित्येक शहरांत जमिनीतील पाणी जड असते. त्यातील चुन्यामुळे दाणा तासन्‌तास टणक राहतो. भिजवताना पाण्यात थोडे मीठ टाकले तर ही अडचण बरीच कमी होते, हे गृहिणींनी एकमेकींना सांगत सांगत शोधून काढले. १९५९ पासून देशात प्रेशर कुकर तयार होऊ लागले. त्यात पाणी सुमारे १२० अंश सेल्सियसपर्यंत तापते, त्यामुळे राजमा व छोले सुलभ झाले. मटकीची उसळ मात्र त्यात लगदा होते, म्हणून तिचे पातेले अजून टिकून आहे. वाल मिळत नाही, मटकी मिळाली तर जुनी निघते, मोड येत नाहीत, अशा वेळी शेजारणीकडून राजमा शिकून त्यात गोडा मसाला व चिमूटभर गूळ घालणारी घरे आपल्या मंडळात थोडी नाहीत. कोणी याला भेसळ म्हणेल. मिरचीच्या इतिहासाकडे पाहता आम्ही याला परंपरा म्हणतो.

चिंता वेगळीच आहे. जिन्नस बदलले तरी पातेले मराठीच राहिले, कारण क्रम जाणणारे हात होते. तो क्रम आता तुटू लागला आहे. दोघेही नोकरीवर जाणाऱ्या घरात दोन दिवस आधी वाल भिजत घालण्याचे कोणाच्या ध्यानात राहणार? त्याबद्दल तरुण पिढीला दोष देणे अन्यायाचे होईल. हे काम पूर्वी स्त्रियांच्या न मोजलेल्या श्रमांवर चालत असे, आणि ते श्रम कोणत्याही इतिवृत्तात नोंदले गेले नाहीत. गणपतीच्या प्रसादाच्या जेवणाला शंभर माणसांची उसळ कोणी केली, याची नोंद आमच्या पाहण्यात आलेल्या एकाही मंडळाच्या वहीत नाही. आभाराच्या ठरावात मंडपवाल्याचे नाव मात्र सापडते.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एक सूचना करावीशी वाटते. मंडळाने एक वही घालावी. ज्येष्ठ भगिनींकडून त्यांचा मसाला, त्यांचे प्रमाण, या शहरात आल्यावर त्यांनी केलेले फेरफार, हे सारे त्यांच्या नावानिशी आणि त्यांच्याच शब्दांत त्यात उतरवून घ्यावे. उतरवून घेण्याचे काम पुरुष सभासदांनी करावे, आणि वाल सोलण्याचेही. नवहस्त पंडिताने तंजावरात बसून जे केले, ते आपणांस येथे अशक्य नाही. हीरकमहोत्सवी स्मरणिकेचा संपादक त्या वहीबद्दल आपले आभार मानील.