नकली तोफेचा रणगाडा

स्मरणिका समितीने ‘नोकरीबद्दल नको, छंदाबद्दल लिही’ असा दम भरल्यामुळे सॉफ्टवेअरपासून तुमची सुटका झाली आहे. माझा छंद म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन कमांड रणगाड्यांची, जुन्या फोटोंवरून, १:३५ प्रमाणातली मॉडेल्स करणे. हे सांगितले की दोन प्रश्न येतात. ‘जर्मनच का?’ आणि ‘कमांड रणगाडा म्हणजे काय?’ दुसऱ्याचे उत्तर आधी देते. पहिल्याचे त्यातूनच निघते.

कमांड रणगाड्यात तुकडीचा प्रमुख बसे. त्याला लढण्यापेक्षा बोलायचे असे: पुढच्या रणगाड्यांशी, मागच्या मुख्यालयाशी. त्यासाठी जास्तीचे रेडिओ संच हवेत, नकाशे पसरायला जागा हवी. रणगाड्यात जागा मुळातच तुटपुंजी. म्हणून पान्झर ३ या रणगाड्याच्या सुरुवातीच्या कमांड आवृत्तीत चक्क तोफच काढून टाकली. टरेट बोल्टने घट्ट बसवला आणि शत्रूला कळू नये म्हणून पुढे नकली तोफ लावली. स्वसंरक्षणाला एक मशीनगन राहिली. गंमत अशी, की मागच्या बाजूला खाटेच्या कठड्यासारखी अँटेनाची मोठी चौकट होती, त्यामुळे ‘साहेब इथे बसले आहेत’ हे लांबूनच कळे. पुढे चौकट गेली, साधी काठीसारखी अँटेना आली आणि १९४२ पासून खरी तोफ असलेली आवृत्तीही निघाली. पण अडचण तीच राहिली. बलाढ्य टायगरच्या कमांड आवृत्तीतही रेडिओसाठी तोफगोळे ९२ वरून ६६ वर आणावे लागले.

एवढा खटाटोप कशासाठी, हे मे १९४० मध्ये फ्रान्समध्ये दिसले. अनेक फ्रेंच रणगाड्यांचे चिलखत जर्मनांपेक्षा जाड होते. पण बहुतेकांच्या टरेटमध्ये एकच माणूस. तोच तोफ भरणार, तोच डागणार, तोच हुकूम देणार, आणि रेडिओ तर कित्येकांत नव्हताच. जर्मन रणगाडादलाचा प्रमुख शिल्पकार हाइन्झ गुडेरियन हा मूळचा संदेशवहनातला अधिकारी. त्याचा त्या मोहिमेतला एक प्रसिद्ध फोटो आहे. चिलखती गाडीत तो मागे उभा आहे आणि पुढे सैनिक एनिग्मा या सांकेतिक यंत्रावर काम करत आहेत. पण रेडिओवरचा शब्द शत्रूलाही ऐकू जातो. इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कमध्ये बसलेल्या माणसांनी हेच संदेश उलगडायला घेतले होते.

आता मॉडेलकडे. कारखान्याचा आराखडा हाताशी नसतो तेव्हा फोटोच मोजपट्टी होतो. पान्झर ३ च्या नेहमीच्या आवृत्त्यांत रस्त्यावरून धावणाऱ्या चाकाचा व्यास ५२ सेंटिमीटर, म्हणजे मॉडेलमध्ये जवळजवळ १५ मिलिमीटर. फोटोत चाक तिरके असेल तर वर्तुळाचा लंबगोल होतो. त्याची रुंदी उंचीच्या निम्मी दिसली, तर गाडी कॅमेऱ्यापासून ६० अंशांत वळलेली. नववी-दहावीत ‘याचा उपयोग काय?’ असे कुरकुरत शिकलेले त्रिकोणमिती इथे कामाला येते, हे गणिताच्या सरांना मुद्दाम कळवते. मग पितळी तार मापाने कापायची, सोल्डर करायची, की अँटेनाची चौकट तयार.

रंगाला मात्र गणित पुरत नाही. १९४० च्या उन्हाळ्यापर्यंत जर्मन रणगाड्यांवर गडद राखाडी आणि गडद तपकिरी असे दोन रंग असत. कृष्णधवल फोटोत दोन्ही सारखेच काळपट दिसतात. त्यामुळे कित्येक वर्षे जगभरचे मॉडेलकार ते नुसते राखाडीच रंगवत होते. लष्कराचे मूळ आदेश वाचल्यावर उलगडा झाला. फोटो खोटा नव्हता, अपुरा होता.

आणि काही फोटो मुद्दामच अपुरे असतात. जर्मन संघराज्याच्या अभिलेखागाराने २००८ च्या अखेरीस ८० हजारांहून अधिक फोटो सर्वांसाठी खुले केले. त्यांतले युद्धकाळातले बरेचसे सैन्याच्या प्रचार तुकड्यांनी काढलेले आहेत. त्यांत रणगाडे चकचकीत, सैनिक हसरे. जळालेले गाव, कारखान्यात राबवलेले गुलाम मजूर चौकटीबाहेर. नकली तोफ जशी ओळखावी लागते, तसाच हा फोटोही.

म्हणून ‘जर्मनच का?’ याचे माझे उत्तर असे: त्या सैन्याचे कौतुक म्हणून नाही. त्याच सैन्याशी इटलीत लढताना माणगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मला ही यंत्रे करावीशी वाटतात, कारण उत्तम अभियांत्रिकी किती वाईट कामाला जुंपता येते, हे दिवसभर अभियांत्रिकी करणाऱ्या माणसाने डोळ्यांसमोर ठेवलेले बरे. प्रत्येक मॉडेलखाली मी एक पट्टी लावते: फोटो कोणी काढला, कधी काढला आणि त्यात काय दिसत नाही.

इकडे आलात तर घरी जरूर या, सगळी मॉडेल्स दाखवीन. फक्त अँटेनाला हात लावू नका. पितळी तार फार लवकर वाकते.