शांती हातोहात, माणूस मात्र दाराबाहेर : केरळचे सिरियन ख्रिस्ती आणि जात

‘ख्रिस्ती धर्मात जात नाही’ हे वाक्य आपल्याकडे दोन प्रकारचे लोक वापरतात. एक आपले काही कार्यकर्ते, हिंदू धर्माशी तुलना करताना. दुसरे सरकारी वकील, दलित ख्रिश्चनांना अनुसूचित जातीच्या सवलती नाकारताना. दोघांनीही केरळच्या सिरियन ख्रिश्चनांचा इतिहास वाचला तर हे वाक्य इतक्या सहज तोंडातून निघणार नाही.

हे भारतातले सर्वात जुने ख्रिस्ती. त्यांची श्रद्धा अशी की येशूचा शिष्य संत थॉमस इ. स. 52 मध्ये मलबारच्या किनाऱ्यावर उतरला आणि त्याने काही नंबुद्री ब्राह्मण घराण्यांना बाप्तिस्मा दिला. थॉमस आला की नाही हा श्रद्धेचा प्रश्न, तो बाजूला ठेवू. पण नंबुद्री ब्राह्मणांची वस्ती केरळात जमली ती त्यानंतर कित्येक शतकांनी, असं बहुतेक इतिहासकार मानतात. मग पहिल्या शतकात बाप्तिस्मा घ्यायला नंबुद्री आले कुठून? तरीही ही कथा आजही अनेक घराण्यांच्या छापील कुळवृत्तांतात अभिमानाने सांगितली जाते. धर्म बदलला, देव बदलला, पण ‘आम्ही मूळचे ब्राह्मण’ हे सोडवत नाही. गोव्यातल्या कॅथलिकांमध्ये ‘बामण’ आणि ‘चार्दो’ टिकले आहेत, त्यातलाच हा प्रकार.

कथा बाजूला ठेवून ताम्रपट पाहू. इ. स. 849 मध्ये वेणाडचा अधिपती अय्यन अडिगळ याने कोल्लमच्या चर्चला दान दिलं, ते तरिसापळ्ळी ताम्रपट म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात जमीन आहे, करमाफी आहे, आणि चर्चच्या सेवेला लावून दिलेली माणसंही आहेत. ईळवांची चार कुटुंबं, शिवाय धोब्यांची. म्हणजे या समाजाचा सर्वात जुना लेखी पुरावाच सांगतो की नवव्या शतकात हे ख्रिस्ती जातिव्यवस्थेच्या बाहेर नव्हते. ते तिच्या वरच्या मजल्यावर राहत होते. मंदिराचं किंवा राजवाड्याचं तेल खालच्या जातीच्या स्पर्शाने विटाळलं तर सिरियन ख्रिश्चनाने बोट लावलं की ते शुद्ध होतं, असाही रिवाज होता. विटाळ काढण्याचं काम ज्याच्याकडे आहे, त्याचा विटाळ नष्ट होण्यात काय फायदा?

आता त्यांची उपासना पाहू. ती समजून न घेता टीका करणं सोपं आहे, पण त्यात अर्थ नाही.

या चर्चच्या उपासनेचा गाभा म्हणजे ‘कुर्बाना’, भाकर आणि द्राक्षरसाचा पवित्र विधी. शतकानुशतकं तो सिरियाक भाषेत चाले, म्हणजे येशू बोलत असे त्या अरामी भाषेच्याच एका रूपात. धर्मगुरूचं तोंड पूर्वेकडे. भाकर आणि रस म्हणजे ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त, आणि ते खाणारे सगळे मिळून एक शरीर, ही श्रद्धा. या विधीत एक क्षण असा येतो की वेदीपासून ‘शांती’ निघते. धर्मगुरूच्या हातातून सेवकाच्या हातात, त्याच्या हातातून पहिल्या रांगेत, आणि अशी हाताला हात लावत ती शेवटच्या माणसापर्यंत पोहोचते. स्पर्शाशिवाय हा विधी होऊच शकत नाही. आणि हा विधी अशा प्रदेशात चालत होता जिथे पुलयाने नंबुद्रीपासून किती पावलं लांब उभं राहायचं हे ठरलेलं होतं.

घरातल्या चालीरीतीही अशाच. ईस्टरच्या आधी पन्नास दिवसांचा उपवास, नाताळच्या आधी पंचवीस. लग्नात मुलीच्या गळ्यात ‘मिन्नू’, म्हणजे क्रूस असलेलं इवलंसं सोन्याचं पान, आणि त्याचा दोरा मंत्रकोडीच्या, म्हणजे लग्नाच्या साडीच्या धाग्यांचा. पवित्र गुरुवारी रात्री घरात तांदूळ-उडदाचा ‘पेसहा अप्पम’ करतात, कुटुंबप्रमुख तो मोडतो आणि वयाप्रमाणे वाटतो. त्या वर्षी ज्या घरात मृत्यू झाला तिथे अप्पम करत नाहीत, शेजारी नेऊन देतात. मिसरच्या गुलामगिरीतून ज्यूंची सुटका झाली, तिची ही आठवण. आणि ज्या घरांत ही आठवण साजरी होत होती, त्यातल्या अनेक घरांच्या भातशेतीत पुलय आणि परय गुलाम राबत होते. त्रावणकोरमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती 1855 मध्ये. तोपर्यंत माणसं जमिनीबरोबर विकली जात, गहाण पडत, आणि मालकांमध्ये सिरियन ख्रिस्तीही होते.

बाहेरच्या ख्रिश्चनांनी हे पाहिलं नाही असं नाही. 1599 मध्ये गोव्याचा आर्चबिशप आलेशो द मेनेझिस केरळात गेला आणि उदयंपेरूरला धर्मसभा भरवली. त्याने सिरियाक ग्रंथ तपासले, बदलायला लावले, काही नष्ट करवले. त्या रागातून पुढे 1653 मध्ये मट्टानचेरीला कुनन क्रूसाची प्रसिद्ध शपथ झाली आणि समाज फुटला. पण अस्पृश्यतेबाबत ही धर्मसभा काय म्हणाली? स्पर्शाने विटाळ होतो हे मानणं अंधश्रद्धा आहे, मात्र नायर बघत असतील तिथे रूढी पाळायला हरकत नाही! प्रार्थनेतला शब्द चुकला तर ग्रंथ जाळायचा आणि माणसाला माणूस न मानण्याला मात्र सवलत द्यायची.

1816 पासून इंग्रज सीएमएस मिशनरी कोट्टयमला आले. आधी सिरियन चर्च सुधारायचा त्यांचा बेत होता. 1836 च्या मावेलिक्करा सिनोडमध्ये सिरियनांनी त्यांना नकार दिला, आणि मग त्यांचं लक्ष गुलाम जातींकडे वळलं. 1854 मध्ये मल्लपळ्ळीला पहिल्या पुलयाचा बाप्तिस्मा झाला, नाव ठेवलं हाबेल. त्यानंतर हजारोंनी लोक आले. आल्यावर त्यांना काय मिळालं? शाळा मिळाली, अक्षर मिळालं, हे नाकारायचं नाही. पण सिरियन मूळ असलेले ख्रिस्ती त्यांच्याशेजारी बसायला तयार नव्हते. ठिकठिकाणी त्यांची चर्चं वेगळी झाली, आणि लोक त्यांना ‘पुलयपळ्ळी’, ‘परयपळ्ळी’ म्हणू लागले. हातोहात जाणारी शांती दुसऱ्या इमारतीपर्यंत जाणार कशी?

पोयकयिल योहन्नान यांचं नाव आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हवं. 1879 मध्ये इरविपेरूरला एका सिरियन ख्रिस्ती घराण्याच्या गुलाम कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते मार थोमा चर्चमध्ये गेले, मग ब्रदरन पंथात. सगळीकडे तोच अनुभव. चर्चच्या दफनभूमीत पुरलेलं एका दलिताचं प्रेत उकरून बाहेर काढायला लावलं, हा प्रसंग त्यांच्या चरित्रात सांगितला जातो. त्यांनी विचारलं की या बायबलमध्ये आमच्या पूर्वजांबद्दल एक अक्षर तरी आहे का? वाकत्तानमला त्यांनी बायबल जाळलं आणि 1909 च्या सुमारास ‘प्रत्यक्ष रक्षा दैव सभा’ स्थापन केली. तिच्या उपासनेच्या केंद्रस्थानी गुलामगिरीत मेलेल्या, ताटातूट झालेल्या आईबापांची आठवण ठेवली. पुढे त्रावणकोरच्या श्रीमूलम प्रजासभेत ते दोनदा सदस्य होते.

इथे कुणी म्हणेल, मग बाबासाहेब चुकले का? 1936 च्या ‘मुक्ती कोन पथे?’ या भाषणात ते म्हणाले होते की मुसलमान-ख्रिश्चनांतही जाती आहेत, पण त्यांच्या धर्माचा तो आधार नाही. हे खरंच आहे. कुर्बाना जातीशिवाय होऊ शकतो, मनुस्मृती जातीशिवाय राहू शकत नाही. पण त्याच बाबासाहेबांनी धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना चर्चला सोडलेलं नाही. आणि 1916 च्या कोलंबियातल्या निबंधात जातीचं मूळ त्यांनी जातीअंतर्गत विवाहात दाखवलं. केरळचे क्नानाय ख्रिस्ती बघा. चौथ्या शतकात आलेल्या क्नायी थोम्मनचे आम्ही वंशज, असा त्यांचा दावा. 1911 मध्ये पोपने त्यांच्यासाठी कोट्टयमला वेगळा धर्मप्रांत दिला. बाहेर लग्न केलं की धर्मप्रांताचं सदस्यत्व जातं, आणि हे प्रकरण आजच्या काळात कोर्टात गेलं आहे. श्रुती-स्मृतींची गरजच पडली नाही, लग्नाचा नियम पुरला. म्हणूनच 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात त्रिशरण-पंचशीलावर न थांबता बावीस प्रतिज्ञा दिल्या गेल्या. आणि म्हणूनच आपल्या बौद्ध वधू-वर सूचक मेळाव्यांत पोटजातीचा रकाना दिसतो तेव्हा सिरियनांना हसायचा अधिकार आपल्याला उरत नाही.

राहिला सवलतींचा प्रश्न. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जात हिंदूंपुरती ठेवली. 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये आपण बौद्ध आलो. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान अजून बाहेरच. 1985 च्या सूसाई खटल्यात मद्रासच्या एका ख्रिस्ती चर्मकाराला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नव्या धर्मातही तेवढाच जाच होतो याचा पुरावा दाखवा. 2007 मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची अट काढा म्हटलं, आणि 2022 मध्ये सरकारने बालकृष्णन आयोग नेमून प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. आपल्यातले काही जण म्हणतात, ‘वाटेकरी कशाला वाढवायचे?’ 1990 च्या आधी बौद्धांविषयी हेच बोललं जात होतं. मल्लपळ्ळीच्या हाबेलचे वारस आज पुरावा मागणाऱ्यांसमोर उभे आहेत. त्यांच्या बाजूने साक्ष द्यायची की विरोधात, हे आपल्या प्रत्येक संघटनेने ठराव करून सांगावं.