दोन मिनिटांचं आभारप्रदर्शन

मंडळी, आज आधी थोडी फुशारकी आणि मग बराचसा इतिहास. फुशारकी पटकन उरकून घेतो.

माझ्या पहिल्या कथासंग्रहाला नवोदित लेखकांसाठीचा एक छोटासा पुरस्कार मिळाला. रक्कम सांगत नाही. नवा मोबाइल येणार नाही, फार तर जुन्याचा स्क्रीन बदलून मिळेल. पण फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॉलवर होतो आणि म्यूट करायचं विसरून "काय सांगताय!" असं इतक्या जोरात ओरडलो, की पलीकडे बंगळुरूत बसलेल्या मॅनेजरला वाटलं सर्व्हर झोपला. मग सगळ्या टीमला खरं कारण सांगावं लागलं. टीममधल्या निम्म्या लोकांना मराठी येत नाही, पार्टी मात्र सगळ्यांना कळते.

तर पुढच्या रविवारी कार्यक्रम आहे. संयोजकांनी बजावलंय, "आभाराचं दोनच मिनिटं बोला." आपण पडलो इंजिनियर, त्यामुळे लगेच यादी केली. परीक्षक, संस्था, आई-बाबा, बायको, शाळेतल्या मराठीच्या बाई, प्रुफं तपासून देणाऱ्या शेजारच्या काकू. सातवं नाव लिहायला घेतलं आणि अडलो.

सातवं नाव माझ्या जुन्या रूममेटचं. हा परभणीकडचा. त्याची कादंबरी त्याच वर्षी त्याच स्पर्धेत होती. खरं म्हणजे "पाठवून तर बघू" असं तोच म्हणाला होता. दोघांच्या प्रिंट त्यानं काढल्या, स्पायरल बाइंडिंग त्यानं करून आणलं, कुरियरचे पैसेही त्यानंच भरले. माझं निवडलं गेलं. त्याचं परत आलं, सोबत एक ओळ होती, की भाषा अजून प्रमाण व्हायला हवी. त्याची कादंबरी मी दोनदा वाचलीये. प्रामाणिकपणे सांगतो, ती माझ्या पुस्तकापेक्षा चांगली आहे. निकालाच्या दिवशी पहिला फोन त्याचाच. "पार्टी कधी देतो बे?" बाकी काही नाही.

आता याचे आभार कसे मानायचे? कुरियरबद्दल? या प्रश्नाला बगल देण्यासाठी म्हणून मी दुसरंच वाचत बसलो. मराठी पुस्तकाला बक्षीस द्यायची ही पद्धत आली कुठून? आणि वाचता वाचता थेट माझ्याच प्रश्नावर येऊन आदळलो.

गोष्ट सुरू होते श्रावण महिन्यातल्या दक्षिणेपासून. तळेगावच्या सेनापती दाभाड्यांकडे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटायची प्रथा होती. १७३१ साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे मारले गेले. त्यानंतर ही प्रथा पेशव्यांनी पुण्यात आणली. पुढे तिचा पसारा इतका वाढला, की पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात लांबलांबून आलेल्या ब्राह्मणांची गर्दी उसळायची. विद्वत्तेचा मान म्हणून सुरू झालेली ही गोष्ट हळूहळू सरसकट वाटप होऊन बसली.

१८१८ साली पेशवाई गेली. एल्फिन्स्टन हुशार माणूस. नव्या राज्यात पुण्यातला वजनदार वर्ग एकदम दुखवायचा नाही, म्हणून त्यानं दक्षिणा चालू ठेवली. पण त्यातलाच काही पैसा वळवून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे १८३०च्या दशकात सरकारनं ठरवलं, की ज्यांना दक्षिणा मिळतेय त्यांना मिळू दे, यादीत नवी नावं नकोत. त्यामुळे दरवर्षी काही रक्कम उरायला लागली. आणि शिल्लक पैसा दिसला, की त्याचं करायचं काय यावर वाद होणारच. आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये काय वेगळं होतं?

इथे गोपाळ हरी देशमुख येतात, म्हणजे लोकहितवादी. जन्म १८२३चा. १८४८पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये त्यांची पत्रं येत होती. ही आपली शतपत्रं. त्यांचं आणि त्यांच्यासारख्या काही तरुणांचं म्हणणं सरळ होतं. हा पैसा लोकांचा आहे, तो नुसत्या पाठांतराला देण्यापेक्षा मराठीत उपयोगी पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्या. १८४९ साली तसा अर्ज सरकारकडे करायचं ठरलं. अर्ज करणारी बहुतेक मंडळी स्वतः ब्राह्मण होती. म्हणजे आपल्याच जातीच्या हक्काच्या मानल्या गेलेल्या पैशाला ती हात घालत होती. पुण्यातली सनातनी मंडळी खवळली. अर्ज द्यायला जाताना मारहाण होईल अशी धास्ती निर्माण झाली.

मग संरक्षण कुणी दिलं? जोतीराव फुल्यांनी. त्यांची चरित्रं सांगतात, की त्यांनी सुमारे २०० माणसं जमवली, त्यात महार-मांग तरुण होते, आणि त्या बंदोबस्तात अर्ज पोचता झाला. जोतीरावांचं वय तेव्हा अवघं २२. म्हणजे आपल्याकडचा फ्रेशर! १८४८ साली मुलींची शाळा काढून झाली होती, त्यापायी घर सोडून झालं होतं, आणि वर हे. जी दक्षिणा त्यांच्या समाजातल्या कुणाला कधी मिळणार नव्हती, तिचं मराठी पुस्तकांच्या बक्षिसात रूपांतर व्हावं म्हणून हा माणूस रस्त्यावर उभा राहिला.

अर्जाचा उपयोग झाला. १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी आली. त्या काळात मराठी गद्य म्हणजे सगळंच नवोदित हो! छापील पुस्तकं मोजकी, त्यातही भाषांतरं आणि शाळेची पुस्तकं जास्त. अशा वेळी पुस्तक लिहिलं तर सरकार पैसे देतं, ही केवढी मोठी गोष्ट! याच दक्षिणा फंडातून पुढे कॉलेजातल्या हुशार मुलांना फेलोशिपही मिळायला लागल्या. न्यायमूर्ती रानडे विद्यार्थी असताना दक्षिणा फेलो होते.

आणि मग १८५५ साल उजाडतं. जोतीराव एक नाटक लिहितात, 'तृतीय रत्न'. एक कुणबी जोडपं आहे, बाई गरोदर आहे. जोशीबुवा ग्रहांची भीती घालून पोटातल्या मुलाच्या नावानं त्यांना लुबाडतो. मधेमधे विदूषक येऊन टोले हाणतो. एक पाद्री भेटतो, वादविवाद होतात, आणि आपण लिहितावाचता न आल्यामुळे फसलो हे त्या दोघांच्या ध्यानात येतं. शेवटी नवराबायको शिकायचं ठरवतात. विद्या हेच ते तिसरं रत्न.

हे नाटक त्यांनी पाठवलं कुठे? त्याच दक्षिणा प्राइझ कमिटीकडे.

कमिटीनं ते नापसंत केलं. ही हकिगत खुद्द जोतीरावांनीच १८७३च्या 'गुलामगिरी'त नोंदवून ठेवलीये. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं ते म्हणतात. कमिटीची बाजू काय होती ते बाजूला ठेवू. पण दृश्य डोळ्यांसमोर आणा. बक्षिसाच्या अर्जाला ज्यानं बंदोबस्त दिला, त्याचीच पहिली वही त्या बक्षिसाच्या दारातून परत आली. गंमत म्हणजे तीनच वर्षांपूर्वी, १६ नोव्हेंबर १८५२ला, विश्रामबागवाड्यात मेजर कँडींच्या हस्ते जोतीरावांना शाल मिळाली होती. ती शाळा चालवल्याबद्दल. म्हणजे खालच्या जातींच्या मुलांना शिकवलंत, छान, ही घ्या शाल. पण त्या मुलांना शिकू कुणी दिलं नाही, हे नाटकात लिहिलंत तर मात्र जमणार नाही!

गेल्या शनिवारी मी मुद्दाम विश्रामबागवाड्यापाशी जाऊन उभा राहिलो. बाजीराव रोडवर ट्रॅफिक तुंबलेलं, हॉर्न चालू. दक्षिणेच्या पैशातली पाठशाळा इथेच होती आणि जोतीरावांची शालही इथलीच. दोन्ही गोष्टी एकाच छपराखालच्या. अर्धा तास नुसता बघत बसलो.

नापसंतीचं नुकसान कुणाचं झालं? जोतीरावांचं झालं तेवढं झालं. त्यांनी ते हस्तलिखित बाजूला ठेवलं. १८६९ साली शिवाजीमहाराजांवरचा पोवाडा आणि 'ब्राह्मणांचे कसब' छापलं आणि पुढे लिहितच राहिले. नुकसान आपलं झालं. विनायक जनार्दन कीर्तन्यांचं 'थोरले माधवराव पेशवे' १८६१चं. पहिलं स्वतंत्र मराठी गद्य नाटक म्हणून आपण पिढ्यान् पिढ्या तेच शिकत आलो. त्याच्या सहा वर्षं आधीचं 'तृतीय रत्न' छापून आलं ते थेट १९७९ साली, 'पुरोगामी सत्यशोधक'मध्ये. १२४ वर्षं! एक शेरा १२४ वर्षं चालला. आपल्या कोडमधला बग सुद्धा एवढा टिकत नाही :)

आणखी एक धागा. १८७८ साली पुण्यात ग्रंथकारांचं पहिलं संमेलन भरलं. पुढाकार कुणाचा? लोकहितवादी आणि रानडे. एकानं दक्षिणेचा पैसा मराठीकडे वळवायला अर्ज केलेला, दुसरा त्याच फंडातून शिकलेला. १८८५ सालच्या दुसऱ्या ग्रंथकार सभेला रानड्यांनी जोतीरावांनाही आमंत्रण दिलं. जोतीरावांनी पत्र लिहून नकार कळवला. जे लोक सगळ्यांना माणसाचे हक्क खुशीनं देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्याचा मतितार्थ. हे पत्र पूर्वी वाचलं तेव्हा मला जरा कडू वाटलं होतं. आमंत्रण आलंय, जावं की, असं वाटलं होतं. १८५५ची ती वही मधे ठेवून परत वाचलं आणि माझं मत बदललं. ज्या घराच्या बांधकामावर राखण केली, तिथे ३० वर्षांनी पाहुणा म्हणून बोलावलं तर माणूस काय उत्तर देणार?

असो. म्हणजे मी आभार मानायचे नाहीत का? मानणार, अगदी मनापासून. परीक्षकांनी माझ्यासारख्या अनोळखी माणसाची दीडशे पानं वाचली, ही छोटी गोष्ट नाही. मी दुसऱ्याचा दोनशे ओळींचा कोड रिव्ह्यू करताना किती जांभया देतो ते मला ठाऊक आहे. आणि रूममेटची गोष्ट म्हणजे जोतीरावांची गोष्ट, असला आचरटपणाही मी करणार नाही. एवढंच कळलं, की आपल्या हातात बक्षीस येतं तेव्हा ते देणाऱ्याच्या मागे ते मिळवून देणारेही असतात. त्यांतले काही यादीबाहेर राहिलेले असतात. आणि दाद न मिळालेलं सगळंच काही कच्चं नसतं. आभार तिथवर पोचले नाहीत तर ते अर्धेच.

दोन मिनिटांतलं पहिलं मिनिट परीक्षकांचं आणि घरच्यांचं. दुसऱ्यात त्या २०० माणसांबद्दल बोलणार आहे, ज्यांची नावं मला कुठेही सापडली नाहीत. आणि शेवटी सातवं नाव, कुरियरच्या उल्लेखासकट.

बक्षिसाच्या पैशात मोबाइलचा स्क्रीन बदलायचा बेत रद्द केलाय. त्यात त्याच्या कादंबरीच्या छपाईचा थोडाफार खर्च निघेल. बाकीचे टीममधून उकळू, पार्टी खाल्लीये त्यांनी. काल त्याच्याकडून फाइल मागवून घेतली. सोबत मेसेज होता, "एक शब्द बी बदलायचा नाही."

नाही बदलत.