एका चषकाची गोष्ट : म्हैसूर, १९४६-४७

बंगळूरचे नाव निघाले की मराठी माणसाला प्रथम शहाजीराजांची जहागीर आठवते आणि पाठोपाठ क्रिकेट. प्रसन्ना, चंद्रशेखर, विश्वनाथ ही नावे आम्ही लहानपणी पाढ्यांच्या जोडीने पाठ केली होती. बदलीवर या शहरी आलो तेव्हा निवृत्तीला आलेले आमचे एक सहकारी, ऑस्टिन टाउनचे रहिवासी, क्रिकेटच्या गप्पा निघाल्या की हसून म्हणत, ‘‘साहेब, हे फुटबॉलचे गाव आहे.’’ आम्ही ते थट्टेवारी नेले. पुढे जुने निकाल चाळले तेव्हा मात्र आम्हांला आमच्या अज्ञानाची लाज वाटली.

संतोष चषक १९४१ साली सुरू झाला. हा ‘संतोष’ म्हणजे समाधान नव्हे; पूर्व बंगालातील एका जमीनदारीचे ते नाव. तेथील महाराजा सर मन्मथनाथ रायचौधुरी यांच्या स्मरणार्थ बंगालच्या फुटबॉल संघटनेने हा चषक दिला. चषक बंगालचा आणि वर्चस्वही बंगालचेच! १९४५-४६ साली अंतिम सामना मुंबईत झाला आणि आपल्या मुंबईला घरच्या मैदानावर बंगालने दोन गोलांनी नमविले. त्यानंतरची, म्हणजे चौथी, स्पर्धा बंगळूरास भरली. अंतिम सामन्यात म्हैसूर विरुद्ध बंगाल. पहिल्या दिवशी एकही गोल झाला नाही. सामना पुन्हा खेळावा लागला आणि म्हैसूरने तो दोन विरुद्ध एक असा जिंकला. आमचे सहकारी तेव्हा सात-आठ वर्षांचे होते. वडिलांचे बोट धरून ते सामन्याला गेले होते. पण गोल काही त्यांना दिसला नाही, पुढे उभ्या असलेल्यांच्या पाठी तेवढ्या दिसल्या! आरडाओरड्यावरून जे काही कळले तेवढेच.

या विजयात आम्हांला निकालाहून मोलाची वाटते ती निराळीच गोष्ट. त्या हंगामात बंगळूर हे एक शहर नव्हतेच. पेठ आणि तिच्या भोवतीची वस्ती महाराजांच्या राज्यात, तर १८०९ पासून वसत गेलेली छावणी १८८१ नंतर ब्रिटिश रेसिडेंटच्या अमलाखाली. मध्ये कब्बन पार्क, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन राज्यकारभार. गोऱ्या पलटणींनी रुजविलेल्या फुटबॉलचे माहेरघर ही छावणीच होती. अलसूर, ऑस्टिन टाउन आणि ब्लॅकपल्ली (आजचे शिवाजीनगर, महाराजांचे नाव तेथे आहे याचे आम्हां मराठी मंडळींना कोण अप्रूप!) या वस्त्यांतून तमिळ, दखनी आणि इंग्रजी बोलणारी पोरे अनवाणी पायांनी चेंडू मारीत वाढली. म्हैसूरच्या नावाने उतरणाऱ्या संघाला या मैदानांचा मोठा आधार होता. छावणी कागदोपत्री म्हैसूरला परत मिळाली ती २६ जुलै १९४७ रोजी. चेंडूने ती सीमा त्याआधीच ओलांडली होती. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या आम्हांला फाइलीच्या आधी काम झाल्याचे हे उदाहरण फार आवडते.

मुंबईकरांना या खेळाडूंची ओळख आधीच पटलेली होती. रोव्हर्स चषक १९३७ साली बंगळूर मुस्लिम्स या संघाने पटकावला. तो जिंकणारा हा पहिला भारतीय संघ. पुढच्याच वर्षी त्यांनी एका स्कॉटिश पलटणीला तीन विरुद्ध दोन असे हरवून चषक राखला, आणि १९४८ साली मोहन बागानवर मात करून तो तिसऱ्यांदा नेला.

त्याच १९४८ साली, ३१ जुलै रोजी, लंडन ऑलिंपिकमध्ये भारत फ्रान्सशी खेळला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. दोन पेनल्टी वाया गेल्या, सामना दोन विरुद्ध एक असा हातचा गेला. पण स्वतंत्र भारताचा ऑलिंपिकमधील पहिला गोल नोंदविला तो म्हैसूरच्या सारंगपाणी रामन यांनी. बंगळूरचे अहमद खान आणि धनराजही त्या चमूत होते.

नंतरची कथा आमच्यासारख्यांना परिचयाची आहे : चांगली माणसे पोटापाण्यासाठी दूर जातात. अहमद खान आणि धनराज कलकत्त्यास ईस्ट बंगालकडे गेले व तेथल्या ‘पंचपांडवां’त गणले गेले. बंगळूरचे नाव कलकत्त्यात गाजू लागले, ते दुसऱ्याच्या गणवेशात! तरीही १९५२-५३ साली म्हैसूरने घरच्या मैदानावर बंगालला पुन्हा हरविले. आपली मुंबई १९४७-४८ आणि १९५१-५२ अशी आणखी दोनदा बंगालकडून अंतिम सामन्यात हरली. तिला चषक लाभला तो १९५४-५५ मध्ये, मद्रासेत, सेनादलावर मात करून. १९६७-६८ आणि १९६८-६९ असा लागोपाठ दोनदा म्हैसूरने चषक जिंकला, आणि मग तब्बल चौपन्न वर्षे तो या राज्याकडे फिरकला नाही. एव्हाना राज्याचे नावही कर्नाटक झाले होते.

४ मार्च २०२३ रोजी रियाधमध्ये कर्नाटकाने मेघालयास तीन विरुद्ध दोन असे हरविले. त्या रात्री ऑस्टिन टाउनहून दूरध्वनी आला. आवाज थकलेला होता, पण आनंद लपत नव्हता.

‘‘साहेब, म्हैसूर जिंकले.’’