ब्रिटिश म्युझियममधली माकडे

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारा माणूस घरी गेल्यावर काय वाचत असेल, हा प्रश्न साहित्याच्या वर्गात सहसा कोणी विचारत नाही. विचारलाच तर त्याचे उत्तर आम्ही मनाशी आधीच ठरवून ठेवलेले असते: थोड्या विज्ञानकथा, शेअरबाजाराचे पान आणि दूरदेशीच्या राजकारणावर हिरिरीने मांडलेली मते. हे चित्र अगदीच खोटे आहे असे नाही. पण त्यामागे एक इतिहास आहे, आणि तो आमच्या विषयापासून आम्ही समजतो तितका दूर नाही. तंत्र, अर्थकारण, वाचन आणि जगाचा कारभार या साऱ्यांत एकाच वेळी रमलेले हर्बर्ट सायमन (१९१६–२००१) हे आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या पहिल्या पिढीतले. संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार त्यांना १९७५ साली अ‍ॅलन न्यूवेल यांच्याबरोबर मिळाला, अर्थशास्त्राचे नोबेल १९७८ साली. आम्हांला मात्र त्यांची आठवण होते ती १९७० सालच्या डिसेंबरातल्या एका भेटीमुळे. व्याख्यानांच्या निमित्ताने ते ब्युनोस आयर्सला गेले असता त्यांनी आधी पत्र पाठवून एका दृष्टिहीन ग्रंथपालाची भेट मागितली. तो ग्रंथपाल म्हणजे अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे संचालक होर्हे लुईस बोर्हेस.

ही भेट का मागितली, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

सायमन अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात वाढले. वडील जर्मनीहून आलेले विद्युत अभियंता, आई पियानो वाजवणारी. समाजशास्त्रांचा परिचय त्यांना शाळेपेक्षा मामाच्या पुस्तकांतून झाला. १९३५ साली, विद्यार्थी असतानाच, त्यांनी आपल्या गावच्या क्रीडांगणांच्या कारभाराचा अभ्यास केला. मैदानांची देखभाल नगरपालिकेकडे आणि मुलांचे खेळ घेणाऱ्या शिक्षकांची व्यवस्था शाळामंडळाकडे, असा दुहेरी कारभार होता. पैसा मर्यादित. मग देखभालीवर किती आणि शिक्षकांवर किती, हे ठरवायचे कसे? अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकाचे उत्तर सरळ होते: शेवटच्या रुपयाचा लाभ दोन्हीकडे सारखा होईल अशी वाटणी करा. (रुपया आमचा, पुस्तकात अर्थात डॉलर.) प्रत्यक्षात असा हिशेब कोणीच करत नव्हते, आणि करू म्हटले तरी तो करता येण्याजोगा नव्हता. बागा राखणाऱ्यांना हिरवळ महत्त्वाची वाटत होती, मुले सांभाळणाऱ्यांना मुले. प्रत्येकजण आपल्या जागेवरून जेवढे दिसते तेवढ्यावरून ठरवत होता.

सायमन यांचा पुढचा सारा विचार या मैदानातून निघाला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. अर्थशास्त्राने कल्पिलेला सर्वज्ञ, सर्व पर्याय तोलून त्यांतला सर्वोत्तम निवडणारा माणूस त्यांनी नाकारला. १९४७ साली आलेल्या त्यांच्या प्रशासनविषयक ग्रंथात आणि पुढच्या दशकातल्या लेखांत जो माणूस दिसतो तो वेगळा आहे. त्याला थोडे ठाऊक असते, वेळ त्याहून थोडा असतो; तो शोधत जातो आणि पुरेसे बरे काही हाती लागले की थांबतो. ‘समाधान’ आणि ‘पुरेसेपणा’ या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द सांधून त्यांनी या वागण्याला नवे क्रियापद बहाल केले. मराठीत त्यासाठी वेगळा शब्द घडवण्याची गरज आम्हांला वाटत नाही. ‘भागवणे’ हे क्रियापद आमच्या आयांनी आणि आज्यांनी पुरेसे वापरून गुळगुळीत केले आहे.

आता आज्ञावलीकडे येऊ. १९५५ च्या अखेरीस सायमन आणि न्यूवेल यांनी तर्कशास्त्रातले सिद्धांत सिद्ध करणाऱ्या एका आज्ञावलीचा आराखडा तयार केला. क्लिफ शॉ हे त्यांचे तिसरे सहकारी. यंत्र अजून हाताशी नव्हते. म्हणून जानेवारी १९५६ मध्ये सायमन यांनी पत्नी, मुले आणि काही विद्यार्थी यांना एकत्र बसवून प्रत्येकाच्या हातात सूचनांचे एकेक कार्ड दिले. प्रत्येकाने आपल्या कार्डापुरते वागायचे; सगळे मिळून संगणक. त्याच वर्षी ही आज्ञावली खऱ्या यंत्रावर चालली, आणि रसेल व व्हाइटहेड यांच्या ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’च्या दुसऱ्या प्रकरणातल्या पहिल्या ५२ सिद्धांतांपैकी ३८ तिने सिद्ध केले. एका ठिकाणी तिने दिलेली सिद्धता मूळ ग्रंथातल्या सिद्धतेपेक्षा आटोपशीर निघाली. सायमन यांनी ते रसेलना पत्राने कळवले, आणि रसेलनी आनंद व्यक्त करणारे उत्तर पाठवले. ज्या नियतकालिकाकडे हा शोधनिबंध धाडला होता, त्याने मात्र एक लेखक यंत्र असलेला हा निबंध परत केला.

या आज्ञावलीचे मर्म वेगात नव्हते. सिद्धता शोधण्याचा एक बिनचूक मार्ग उपलब्ध होताच: मूळ गृहीतकांपासून निघणारी सर्व विधाने एकामागून एक लिहीत सुटायचे, हवे ते विधान कधीतरी येईलच. सायमन आणि सहकाऱ्यांनी या मार्गाला थट्टेने ‘ब्रिटिश म्युझियम पद्धत’ असे नाव दिले. माकडांना टंकलेखन यंत्रांपुढे बसवून ब्रिटिश म्युझियममधली सगळी पुस्तके निर्माण होण्याची वाट पाहावी, तशातलाच हा प्रकार. त्याऐवजी त्यांची आज्ञावली ठोकताळ्यांनी चालत असे. सिद्ध करायच्या विधानापासून उलट मागे यायचे, सारखेपणा दिसेल तिकडे वळायचे, बाकीच्या वाटा न चालताच सोडायच्या. ठोकताळा चुकू शकतो. पण त्याच्याविना शोध आयुष्यात संपत नाही.

माकडांची ही उपमा सायमन यांची नव्हे. एडिंग्टन या खगोलशास्त्रज्ञाने १९२८ साली ती वापरली होती, ब्रिटिश म्युझियमसकट. आणि १९३९ साली ब्युनोस आयर्सच्या ‘सुर’ या नियतकालिकात बोर्हेस यांचा सर्वसमावेशक ग्रंथालयाच्या कल्पनेवरचा निबंध छापून आला, त्यातही हीच माकडे आणि हेच ब्रिटिश म्युझियम आहे. दोन वर्षांनी त्या निबंधाची कथा झाली: अक्षरांच्या सर्व शक्य जुळण्या ज्यात आहेत असे बाबेलचे ग्रंथालय. त्यात प्रत्येक सत्य पुस्तक आहे, त्याची लाखो किंचित चुकलेली रूपे आहेत, आणि नेमके कोणते खरे हे सांगणारे पुस्तकही आहे, फक्त ते सापडत नाही. ग्रंथपाल आशेने भटकतात, वेडे होतात, मरतात.

एकाच उपमेतून एकाला पद्धत मिळाली आणि दुसऱ्याला दुःस्वप्न. ही तफावत आम्हांला योगायोगापेक्षा मोठी वाटते. सायमन यांच्या दृष्टीने अफाट शक्यतांचा प्रदेश ही निवड करणाऱ्याची अडचण आहे, आणि तिच्यावर उपाय आहे. बोर्हेस यांच्या कथेत उपाय नाही, कारण तिथे शोधणाऱ्याला पुरेसे काही नको आहे. त्याला तेच एक पुस्तक हवे आहे.

पण बोर्हेस यांना ‘पुरेसे’ ठाऊक नव्हते असेही नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून सुमारे नऊ वर्षे ते शहराच्या पश्चिम भागातल्या एका लहानशा महापालिका ग्रंथालयात नोंदणीचे काम करत होते. सुरुवातीलाच त्यांनी भराभर नोंदी उरकल्या, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना बाजूला घेऊन समजावले की असे केल्यास इतरांना कामच उरणार नाही. मग बोर्हेस तासाभरात ठरलेले काम संपवत आणि उरलेले तास तळघरात वाचण्या-लिहिण्यात घालवत. बाबेलचे ग्रंथालय हे त्या कंटाळवाण्या ग्रंथालयाचेच विराट, भयस्वप्नी रूप, असे त्यांनी स्वतः आत्मचरित्रपर निबंधात म्हटले आहे. प्रशासनावर ग्रंथ लिहिणाऱ्या सायमन यांना हे कार्यालय क्षणात ओळखू आले असते.

आपल्या महाभारतातला अभिमन्यू चक्रव्यूहात शिरतो तेव्हा त्याला आत जाणे येते, बाहेर पडणे येत नाही. सायमन यांचा भूलभुलैया निराळा आहे. त्यात प्रत्येक वळणावर फाटे फुटतात आणि प्रश्न बाहेर पडण्याचा नसतो, कोणत्या खोलीत थांबावे याचा असतो. १९५६ साली, अन्न शोधणाऱ्या जीवाच्या निवडींवर गणिती लेख लिहिला त्याच सुमारास, त्यांनी त्याच आशयाची एक गोष्टही लिहिली: असंख्य खोल्यांच्या वाड्यात एकटाच राहणारा एक माणूस, आणि मधूनच एखाद्या खोलीत मांडून ठेवलेले जेवण. ही गोष्ट ‘सफरचंद’ या नावाने त्यांच्या १९९१ च्या आत्मचरित्रात आहे. साहित्य म्हणून ती फार उंचीची नाही. तरीही गणिताचे पान लिहून झाल्यावर या माणसाला गोष्टीची गरज वाटली, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही.

त्यांचे रोजचे वाचन आणि जगाविषयीचे कुतूहल याच ठोकताळ्यांवर चाले. रोजचे वर्तमानपत्र वाचणे हा वेळेचा वाईट वापर आहे, असे ते म्हणत. चोवीस तासांत खरोखर नवे असे काय घडते? त्यापेक्षा वर्षातून एकदा वार्षिकी वाचावी. परदेशप्रवासाविषयी तर त्यांनी एक मिस्कील सिद्धांतच मांडला होता: वर्षभराहून कमी मुदतीच्या परदेशवारीत सामान्य अमेरिकन माणूस जे शिकतो, ते सगळे सॅन डिएगोच्या सार्वजनिक ग्रंथालयात अधिक स्वस्तात आणि लवकर शिकता येते. एवढे म्हणून ते आयुष्यभर प्रवास करत राहिले. १९४८ साली युरोपच्या पुनर्उभारणीसाठी निघालेल्या मार्शल योजनेच्या यंत्रणेची घडी बसवण्यात त्यांचा हात होता. १९७२ साली संगणकतज्ज्ञांच्या शिष्टमंडळाबरोबर ते चीनला गेले, आणि पुढे साठी उलटल्यावर चिनी भाषा शिकू लागले. सिद्धांतात न मावणारे काहीतरी प्रवासात असते, एवढे त्यांना कळत असणारच.

१९७१ साली छापलेल्या त्यांच्या एका लेखाची आज जाहिरातवालेही आठवण काढतात. ससे वाढले की पाला कमी पडतो; तसे माहिती वाढली की ती ज्यावर जगते ते, म्हणजे वाचणाऱ्याचे लक्ष, अपुरे पडते, असा त्याचा आशय. त्यातले एक उदाहरण मात्र फारसे कोणी सांगत नाही. आणीबाणीच्या प्रसंगी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात जगभरातून तारांचा लोंढा येई आणि तारायंत्रे मागे पडत. उपाय म्हणून अधिक वेगाने छापणारी यंत्रे बसवण्याचे ठरले. छापलेले वाचणाऱ्या अधिकाऱ्याचा वेग कितीने वाढणार, हे कोणी विचारले नाही. विद्यार्थ्यांपुढे संदर्भग्रंथांची यादी ठेवताना आम्हीही पुष्कळदा हेच केले आहे.

सायमन यांचे भाकीत सपशेल चुकलेलेही आहे. यंत्र दहा वर्षांत बुद्धिबळाचे जगज्जेतेपद मिळवील, असे त्यांनी आणि न्यूवेल यांनी १९५८ साली लिहिले. विश्वविजेत्याला सामन्यात हरवायला १९९७ उजाडले. आणि आमच्या मते त्यांचा सर्वांत धाडसी, सर्वांत अपुरा प्रयत्न १९९४ सालचा. त्या वर्षी त्यांनी स्टॅनफर्डच्या मानव्यविद्यांच्या नियतकालिकात साहित्यसमीक्षेवर दीर्घ लेख लिहिला, आणि संपादकांनी त्यावर अनेक अभ्यासकांच्या प्रतिक्रिया सोबत छापल्या. सायमन यांचे म्हणणे असे की, संहितेमुळे वाचकाच्या स्मृतीतून जे जागे होते तो त्या वाचकापुरता त्या वेळचा अर्थ. स्मृतिसंचय वेगळा, तर अर्थ वेगळा. लेखकाचा हेतू आणि वाचकाचे आकलन हे दोन्ही म्हणूनच अभ्यासाचे विषय. समीक्षेचे पंडित शतकानुशतके ज्यावर भांडत आहेत त्याचा निकाल मानसशास्त्राच्या चार संज्ञांनी लागेल, हा सूर अनेकांना रुचला नाही, आणि तसे होणे स्वाभाविक होते.

काव्यशास्त्र शिकलेल्या मराठी वाचकाला मात्र इथे वेगळीच ओळख पटेल. अभिनवगुप्ताचा सहृदय काव्याचा आस्वाद घेऊ शकतो तो अंतःकरणात वासनारूपाने साठलेल्या संस्कारांमुळेच. स्मृतीत काय आहे यावर शब्द काय जागवतील हे अवलंबून असते, इतपत दोघे एकाच वाटेवर आहेत. पुढे वाट फुटते. अभिनवगुप्ताला साधारणीकरण लागते. माझी भावना माझी न राहता रसरूप कशी होते, याचे उत्तर त्याला द्यायचे आहे. सायमन यांचा सिद्धांत प्रत्येक वाचकाच्या कोठारापाशी जाऊन थांबतो. भागवतो, असेही म्हणता येईल. एकाच शोकांतिकेपुढे बसलेली, वेगवेगळ्या कोठारांची शंभर माणसे एकाच वेळी गप्प का होतात, हे त्यातून उलगडत नाही.

ब्युनोस आयर्सच्या त्या भेटीत हा भेद चोवीस वर्षे आधीच समोर आला होता. बोर्हेस यांनी भूलभुलैया आधी अमूर्त कल्पना म्हणून पाहिला आणि मग तिला कथेचे कपडे चढवले, असे सायमन यांना ऐकायचे होते असे दिसते. निदान त्यांच्या प्रश्नांचा रोख तिकडे होता. हा संवाद पुढे अर्जेंटिनातल्या एका नियतकालिकात आला आणि सायमन यांच्या आत्मचरित्रातही आहे. बोर्हेस यांनी कोणतीही कल्पना सांगितली नाही. लहानपणी एका फ्रेंच पुस्तकात भूलभुलैयाचे चित्र पाहिल्याची आठवण त्यांनी सांगितली: दार नसलेली, पुष्कळ खिडक्यांची एक गोल इमारत. भिंग जवळ धरले तर त्या खिडक्यांतून आतला मिनोटॉर दिसेल, असे त्या मुलाला वाटे. तो दिसला का, असे सायमन यांनी विचारले. माझी दृष्टी तेवढी चांगली कधीच नव्हती, असे बोर्हेस म्हणाले.