भिगवणची पाहणी आणि देकार्तची घंटा

बारामती औद्योगिक वसाहत मागे टाकून इंदापूर तालुक्यात शिरले की उजनीच्या जलाशयाकाठी भिगवण लागते. रोहित पक्षी पाहण्यासाठी लोक तेथे जातात. वैद्यकाच्या इतिहासात मात्र या गावाची नोंद सांधेदुखीमुळे झाली आहे. १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमाखाली येथे घरोघर पाहणी केली. ४,०९२ प्रौढांची विचारपूस झाली. त्यांपैकी ७४६ जण, म्हणजे शेकडा अठरा, सांध्यांच्या वा स्नायूंच्या दुखण्याने त्रस्त होते. आमवात शेकडा एकाहूनही कमी लोकांना होता. गुडघ्यांची झीज पुष्कळांना होती. परंतु अनेकांच्या दुखण्याला कोणत्याही निश्चित रोगाचे नाव देता येईना.

अशा माणसाला घरात काय ऐकावे लागते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे: “तुझ्या मनाचेच खेळ आहेत.” या वाक्यामागे तीनशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याचा मानवदेहाविषयीचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६४ साली, प्रसिद्ध झाला. दोरीचे एक टोक ओढावे आणि दुसऱ्या टोकाची घंटा वाजावी, तशी इजा मेंदूपर्यंत पोहोचते, असे त्याने मांडले. चर्चची घंटा वाजविणाऱ्याला ही उपमा सहज पटावी. पण मग दोरी न ओढता घंटा वाजली, तर ती खोटीच म्हणावी लागते!

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर अमेरिकन डॉक्टर हेन्री बीचर यांना याच्या उलट आढळले. गंभीर जखमी सैनिकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी वेदनाशामक औषध नको म्हटले. जखम म्हणजे त्यांच्यासाठी रणांगणातून सुटका होती. बीचर यांनी हे १९४६ साली प्रसिद्ध केले. पुढे १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी ‘द्वार सिद्धांत’ मांडला: मज्जारज्जूत जणू एक दार आहे आणि मेंदू वरून ते उघडू वा लोटू शकतो. जिवावरची भीती क्षणभर वेदना बोथट करते. दीर्घकाळ मुरलेली चिंता मात्र ते दार किलकिले ठेवते. उद्याची पाळी उभ्याने कशी निभेल, या विचाराने आजचाच गुडघा अधिक ठणकतो.

२००७ साली इंग्लंडमधील संशोधकांनी गुडघ्याची झीज झालेल्या १२ रुग्णांच्या मेंदूंची चित्रे घेतली. (शोधनिबंधातील पहिले नाव कुलकर्णी, हे वाचून मराठी वाचकाला बरे वाटेल.) प्रयोगासाठी दिलेल्या उष्णतेच्या चटक्यापेक्षा त्यांच्या नेहमीच्या दुखण्यात भय व भावना यांच्याशी निगडित भाग अधिक जागे झालेले दिसले. तेव्हा चिंतेवर इलाज करणे हा गुडघ्याच्याच इलाजाचा भाग ठरतो. गोळी व व्यायाम त्यामुळे रद्द होत नाहीत.

आपल्यांत काही भाविक औषध नाकारून दुखणे देवाला अर्पण करतात. त्यांच्या श्रद्धेविषयी मला आदर आहे, आग्रहाविषयी नाही. पोप पायस बारावे यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना वेदनाशमनास स्पष्ट मान्यता दिली होती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ च्या आपल्या प्रेषितीय पत्रात देहाचे व आत्म्याचे दुःख वेगळे ओळखले, पण दोन्ही माणसाचीच मानली.

वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ सालची आपली व्याख्या २०२० मध्ये सुधारली. त्या व्याख्येला जोडलेल्या टिपांत म्हटले आहे की, माणूस आपल्या वेदनेविषयी जे सांगतो त्याचा मान राखला जावा. भिगवणच्या स्वयंसेवकांनी १९९६ मध्ये उंबऱ्याशी बसून लोकांना प्रथम तेच विचारले होते: कुठे दुखते?