धुके आणि मोटारीचा दिवा

दिव्याचा इतिहास सामान्यतः वाढत्या प्रकाशाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पणतीनंतर कंदील, कंदिलानंतर गॅसबत्ती, गॅसबत्तीनंतर विजेचा दिवा, अशी ही चढती परंपरा असून तिच्या प्रत्येक पायरीवर अंधार एकेक पाऊल मागे हटला, असे आपण शाळेपासून वाचत आलो आहो. मोटारीच्या दिव्यांपुरते पाहिले तर हे वर्णन बहुतांशी खरेही आहे. परंतु मोटारीच्या पुढच्या बंपरपाशी, जमिनीलगत बसवला जाणारा जो धुक्याचा दिवा, ज्याला आपल्याकडे सर्रास 'फॉगलाइट' म्हणतात, तो ह्या परंपरेत नीटसा बसत नाही. प्रकाश आवरावा कसा, ह्या प्रश्नातून तो जन्मास आला. बाजारातून अशा दिव्यांची जोडी आणून सुटीच्या दिवशी ती स्वहस्ते गाडीला बसवण्याचा उद्योग अनेक हौशी मोटारवाले करतात. उद्योग कठीण नाही; पण कोणती तार कोठे जोडावी हे कळले म्हणजे दिवा कळला असे होत नाही. तो कळण्यास त्याचा इतिहास पाहावा लागतो.

रात्रीच्या प्रवासात उजेड वाहनानेच वाहावा, ही कल्पना फार जुनी नव्हे. पूर्वी उजेड माणूस वाहत असे. आपल्याकडे पालखीपुढे मशालजी धावत. लंडनमध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत पेटते पलिते घेतलेली पोरे चार पैशांच्या मोबदल्यात पादचाऱ्यास घरी पोचवीत. पुढे इंग्लंडात यंत्राने चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या, तेव्हा १८६५ च्या कायद्याने अशा गाडीपुढे साठ यार्डांवर लाल निशाण घेतलेला मनुष्य चालला पाहिजे, असा दंडक घालून दिला. १८९६ साली मोटारी ह्या जाचातून पुरत्या मोकळ्या झाल्या. तिकडील लेखक ह्या कायद्याची आजही थट्टा करतात. पण त्या पुढच्या माणसाचे काम काय होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. तो मागच्यास वाट दाखवी आणि समोरून येणारास सावध करी. माणूस गेला, तेव्हा ही दोन्ही कामे दिव्याच्या वाट्यास आली. आणि दिव्याने पहिले काम जितक्या उत्साहाने उचलले, तितक्या उत्साहाने दुसरे उचलले नाही.

आरंभीच्या मोटारींना घोडागाडीचेच तेलाचे दिवे लावीत. त्यांच्या उजेडात रस्ता दिसण्यापेक्षा गाडीच काय ती इतरांस दिसे. त्यानंतर कार्बाइडचे दिवे आले. कॅल्शियम कार्बाइडवर पाण्याचे थेंब पडून निघणारा ॲसिटिलीन वायू जाळून हे दिवे लख्ख पांढरा उजेड देत. वारा-पावसातही ते सहसा विझत नसत. १९१२ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत विजेवर इंजिन सुरू करण्याची आणि विजेच्या दिव्यांची सोय एकत्र आली आणि थोड्याच वर्षांत वीज सर्वत्र रूढ झाली. पण ह्या प्रगतीबरोबरच एक नवे संकट उभे राहिले. दोन प्रखर दिव्यांच्या गाड्या समोरासमोर आल्या म्हणजे दोन्ही चालक क्षणभर आंधळे होऊ लागले. ह्यावर उपाय म्हणून १९२४ साली जर्मनीत ऑसराम कंपनीने 'बायलक्स' नावाचा दिवा काढला. त्याच्या एकाच काचेत दोन तंतू असत. एक लांबवर प्रकाश फेकणारा आणि दुसरा तो खाली वळवणारा. आज आपले मोटारवाले ज्याला 'डिपर' म्हणतात, त्याचा हा पूर्वज होय. समोरच्याच्या डोळ्यांसाठी आपला प्रकाश खाली घ्यावा, हा शिष्टाचार यंत्रात प्रथम असा उतरला.

धुक्यात मात्र एवढ्याने भागत नाही. हवामानशास्त्रात ज्या स्थितीत एक किलोमीटरपलीकडचे दिसत नाही तिला धुके म्हणतात; दाट धुक्यात ही मर्यादा पन्नास मीटरांच्याही आत येते. अशा वेळी अननुभवी चालक सहजच मोठा दिवा लावतो, आणि त्याच्यापुढे एक पांढरी भिंत उभी राहते. ह्याचे कारण सोपे आहे. धुके म्हणजे पाण्याचे असंख्य सूक्ष्म थेंब. दिव्याचा प्रकाश त्या थेंबांवर आदळून चहूकडे विखुरतो आणि त्यातला काही मागे फिरून चालकाच्याच डोळ्यांत येतो. दिवा जितका प्रखर आणि त्याचा झोत दृष्टीच्या रेषेला जितका जवळ, तितकी ही भिंत दाट. ह्यावर खरा उपाय म्हणजे प्रकाशाची वाट आणि दृष्टीची वाट शक्य तितक्या दूर ठेवणे. म्हणून धुक्याचा दिवा जमिनीलगत बसवतात. त्याचा झोत आडवा, रुंद, पंख्यासारखा पसरलेला असतो. आणि वरची कड सुरीने कापल्यासारखी सपाट असते. त्या कडेच्या वर प्रकाश जवळजवळ जातच नाही. उजळलेले थेंब चालकाच्या नजरेखाली राहतात, आणि रस्त्याची कड, पांढरा पट्टा, पुढचे वळण एवढे त्यास दिसते. हा दिवा दूरचे दाखवत नाही; तसे वचनही तो देत नाही.

दिव्याच्या रंगाविषयी मात्र विसाव्या शतकात पुष्कळ काळ एक समजूत घर करून होती. आकाश निळे का दिसते ह्याची उपपत्ती लॉर्ड रॅले ह्यांनी १८७१ साली मांडली. हवेतील अत्यंत सूक्ष्म कण निळा प्रकाश अधिक विखुरतात व तांबडा-पिवळा कमी, असा तिचा इत्यर्थ. तेव्हा धुक्यातही पिवळा दिवाच पार जाईल, असा तर्क अनेकांनी केला. परंतु रॅलेंचा नियम प्रकाशाच्या तरंगलांबीहून पुष्कळ लहान कणांस लागू पडतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी एका मायक्रॉनहून कमी, तर धुक्याचा थेंब काही मायक्रॉनांपासून काही दशक मायक्रॉनांपर्यंत. अशा मोठ्या कणांचे गणित गुस्टाव मी ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १९०८ साली मांडले, आणि त्यानुसार धुक्याच्या थेंबांना रंगांचा पक्षपात जवळजवळ नाहीच. तरीही पिवळ्या दिव्याचे राज्य बराच काळ टिकले. फ्रान्सने तर १९३६ च्या अखेरीस नियम करून मोटारींच्या पुढच्या सर्वच दिव्यांस पिवळा रंग सक्तीचा केला, आणि ती सक्ती १९९३ पर्यंत चालली. फ्रेंचांचा मुख्य हेतू डोळे दिपणे कमी व्हावे हा होता. निळा-जांभळा अंश गाळलेला प्रकाश कित्येकांच्या डोळ्यांस सुसह्य वाटतो, हेही खरे. पण तो धुके भेदतो म्हणून नव्हे. आजही दुकानदार पिवळी काच दाखवून 'ही धुके फाडते' असे सांगतात, तेव्हा एका जुन्या तर्कदोषाचा वारसाच ते चालवीत असतात.

दिव्याची मर्यादा इतिहासाने एकदा फार कठोरपणे दाखवून दिली. १९५२ च्या डिसेंबरात ५ ते ९ तारखांच्या दरम्यान लंडनवर कोळशाच्या धुराने काळवंडलेले धुके बसले. रस्त्यावर आपले पाऊलही दिसेना. बसगाड्यांपुढे कंडक्टर हातांत दिवे घेऊन चालू लागले आणि शेवटी बहुतेक बसगाड्या बंदच पडल्या. अठराव्या शतकातला पलितेवाला आणि निशाणवाला विसाव्या शतकाच्या मध्यावर पुन्हा रस्त्यावर आला. त्या धुक्याने घेतलेले बळी प्रथम चार हजार मोजले गेले; पुढील अभ्यासकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला आहे. त्यावर दिवे वाढवून उपाय झाला नाही. १९५६ साली शुद्ध हवेचा कायदा करून धूर कमी करावा लागला.

हौशी माणसाच्या हातात हा दिवा आला तो मुख्यतः जास्तीचे सामान म्हणून. कारखान्यातून गाडी दोन दिव्यांनिशी येई. धुक्याचा दिवा मालकाने विकत घेऊन बसवावयाचा. मोटारींच्या शर्यतींत ह्या हौसेस ऊत आला, आणि तेथेच एक चमत्कारिक प्रसंग घडला. १९६६ च्या माँटे कार्लो शर्यतीत माकिनेन, आल्टोनेन आणि हॉपकर्क ह्यांच्या तीन ब्रिटिश 'मिनी' गाड्या ओळीने पहिल्या आल्या. चौथी रॉजर क्लार्कची फोर्ड कॉर्टिना. परीक्षकांनी ह्या चारही गाड्या बाद ठरवल्या आणि सिट्रोएन गाडीवाल्या टोइव्होनेन ह्यास विजयी घोषित केले. आक्षेप काय, तर दिव्यांचा. मिनीच्या मोठ्या दिव्यांत एकेकच तंतू होता. दिवा खाली घेण्याचे बटण दाबले की ते विझत आणि त्यांचे काम धुक्याच्या दिव्यांकडे जाई. नियमाप्रमाणे ही सोय नित्याच्या गाडीतल्यासारखी नव्हती. निर्णय न्याय्य होता की नाही, ह्यावर अद्याप वाद चालतो. आपल्यापुरता बोध एवढाच, की कोणता दिवा कोणते काम करतो, हा प्रश्न हौशीपुरता राहत नाही.

आता प्रत्यक्ष बसवण्याकडे वळू. ह्या कामात तीन गोष्टी मुख्य: जागा, जोडणी आणि कल. जागेविषयी आंतरराष्ट्रीय नियम आता पक्के झाले आहेत. मोटारकारचा धुक्याचा दिवा जमिनीपासून २५० मिलिमीटरांहून खाली आणि ८०० मिलिमीटरांहून वर असू नये. नेहमीच्या डिपरपेक्षा तो उंच असू नये. आणि गाडीच्या बाहेरच्या कडेपासून ४०० मिलिमीटरांहून अधिक आत नसावा. टपावर किंवा बॉनेटच्या उंचीवर चढवलेले दिवे दिसण्यास ऐटबाज असतात खरे, पण धुक्यात त्यांचा काडीचाही उपयोग नाही, हे वरील विवेचनावरून उघड आहे.

जोडणीत पुष्कळांचे चुकते. पंचावन्न वॅटचे दोन दिवे बारा व्होल्टच्या बॅटरीतून नऊ अँपियरांहून अधिक प्रवाह ओढतात. एवढा प्रवाह लहानशा बटणातून नेल्यास बटण जळते, तार तापते आणि प्रसंगी गाडीही पेटते. म्हणून मध्ये 'रिले' बसवतात. हा शब्द मूळ फ्रेंच. वाटेवर टप्प्याटप्प्याला ताजे घोडे तयार ठेवण्याच्या पद्धतीस तो लावीत. तारायंत्राच्या काळात क्षीण संदेशास नवे बळ देणाऱ्या यंत्रास तेच नाव मिळाले. मोटारीतही तो हेच करतो: बटणातून आलेला अँपियरच्या पाचव्या हिश्शाहूनही लहान प्रवाह त्याच्यातील चुंबक जागवतो, आणि चुंबक बॅटरीची जाड तार दिव्यांना जोडून देतो. बॅटरीची तार ३० क्रमांकाच्या टोकास, दिव्यांची ८७ क्रमांकाच्या, आणि बटणाची व अर्थची ८६ व ८५ ह्या टोकांस जोडावी. बॅटरीच्या अगदी जवळ पंधरा अँपियरचा फ्यूज असावा. पत्र्यातून तार नेताना भोकास रबरी कडी लावावी, नाहीतर पत्र्याची धार तारेचे कवच हळूहळू कापते. बटणास वीज पार्किंगच्या दिव्यांच्या तारेतून द्यावी, म्हणजे ते दिवे मालवताच हेही विझतात. आणि सगळ्याआधी बॅटरीची ऋण तार सोडून ठेवावी.

तिसरी गोष्ट कल. आणि हीच बहुधा राहून जाते. गाडी सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरांवर उभी करावी. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखावी, आणि झोताची वरची कड त्या रेषेच्या निदान पंधरा सेंटिमीटर खाली येईल असा दिवा वाकवून मग पाना आवळावा. दहा मिनिटांचे हे काम. ते न केल्यास आधीचे सगळे श्रम वाया जातात. नव्हे, उलटे फळ देतात. तंतूच्या दिव्यासाठी घडवलेल्या आरशात परस्पर एलईडी खुपसल्यानेही हेच होते. प्रकाशाचे उगमस्थान किंचित हलले तरी ती कापीव कड फुटते आणि प्रकाश वर उधळतो.

आपल्या सह्याद्रीच्या घाटांत ह्या सर्वांचा प्रत्यय पावसाळ्यात येतो. बोरघाटाचा गाडीरस्ता सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत १८३० साली खुला झाला. तेव्हापासून आजच्या द्रुतगती मार्गापर्यंत वाहने बदलली, पण खंडाळ्याला किंवा आंबोलीला डोंगरावर चढून येणारे ढग बदललेले नाहीत. तेथे साठ किलोमीटरांच्या वेगाने जाणारी गाडी ओल्या रस्त्यावर थांबण्यास चाळीस-पंचेचाळीस मीटर घेते, आणि उत्तम दिवाही दाट धुक्यात तितके दाखवीलच असे नाही. म्हणजे दिवा बसवल्यावरही वेग कमी करणे प्राप्तच आहे. ज्याने दिव्याच्या भरवशावर वेग वाढवला, त्याने तो नसता बसवला तर बरे झाले असते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. निरभ्र रात्री, सपाट रस्त्यावर, निव्वळ शोभेसाठी हे दिवे पेटते ठेवणारे पुष्कळ आढळतात. झोत वर उठलेला, समोरून सायकलवाला किंवा चालत येणारा मजूर. क्षणभर त्यास काही दिसत नाही. पुढे चालणाऱ्या माणसाचे जे दुसरे काम आपण दिव्यास दिले होते, ते तेथे उलटे होते: सावध करावयाचे त्यालाच आंधळे केले जाते. रस्ता ही सामाईक मालमत्ता आहे, तसा रस्त्यावरचा अंधारही सामाईक आहे. धुक्यात आपली सुरक्षितता समोरच्याच्या डोळ्यांवर जितकी अवलंबून असते, तितकी आपल्या दिव्यावर नसते. बायलक्सच्या दुसऱ्या तंतूपासून बंपरखालच्या सपाट झोतापर्यंत चाललेल्या दीर्घ प्रयत्नांचे सार हेच आहे, आणि ज्याने पाना हाती घेतला त्याने ते शेवटचा स्क्रू आवळण्यापूर्वी एकदा आठवावे.